हापशाचं पाणी आणि विरजण: एडिनबराच्या विद्यार्थ्यांचा आर्सेनिक-शोधक

एकविसावं शतक उजाडताना बांगलादेशात हापशांना रंग द्यायची मोहीम निघाली. माणसं गावोगाव फिरली. त्यांनी हापशाचं पाणी बाटलीत घेतलं, त्यात पुड्या टाकल्या, कागदाचा रंग पाहिला आणि हापशाच्या तोंडाला रंग फासला. लिटरमागे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आर्सेनिक असेल तर लाल, कमी असेल तर हिरवा. सुमारे ५० लाख हापसे तपासून झाले आणि त्यातले १४ लाखांच्या आसपास लाल निघाले. मग पावसाळे आले-गेले, रंग उडाले. लोकांनी पदरच्या पैशाने नवे बोअर मारले आणि त्या नव्या हापशांवर कुठलाच रंग नव्हता.

हे प्रकरण स्कॉटलंडमधल्या एडिनबरा विद्यापीठाच्या विद्यार्थी-संघाचं आहे, साल २००६. पाण्यातलं आर्सेनिक ओळखणारा जिवाणू त्यांनी बनवला. तरी सुरुवात हापशापासूनच करायला हवी. त्या मुलांनी काय निवडलं आणि काय सोडून दिलं, याची कारणं हापशापाशीच सापडतात. सूक्ष्मजीवशास्त्राच्या वर्गात मी हे प्रकरण घेतो तेव्हा पहिला तास जनुकांकडे वळतच नाही. मुलं कंटाळतात, पण त्याला इलाज नाही.

आधी पाणी

गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुखाशी राहणारे लोक पूर्वी तळ्याचं, नदीचं पाणी प्यायचे. त्यातून पटकी आणि हगवण ठरलेली. १९७० च्या दशकापासून तिथे मोठ्या प्रमाणावर नलकूप बसवले गेले, त्यात युनिसेफचा मोठा वाटा होता. जमिनीखालचं पाणी जंतूंच्या हिशेबाने स्वच्छ होतं, म्हणून प्रश्न सुटल्यासारखं वाटलं. त्यात आर्सेनिक आहे का, हे कुणी पाहिलं नव्हतं. पाहायला हवं, असं कुणाला सुचलंही नव्हतं.

१९८३ मध्ये कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्यासमोर खेड्यांतून आलेले काही रुग्ण बसले. तळहातांवर आणि तळपायांवर खरखरीत गाठी, अंगावर पावसाचे थेंब पडावेत तसे काळे-पांढरे ठिपके. कारण आर्सेनिकचं निघालं. पुढची कित्येक वर्षं जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती सीमेच्या दोन्ही बाजूंनी पाण्याचे, केसांचे, नखांचे नमुने गोळा करत राहिले. १९९८-९९ मध्ये ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेने बांगलादेशातल्या ३,५३४ विहिरींचं पाणी तपासलं. १५० मीटरपेक्षा उथळ असलेल्या विहिरींपैकी २७ टक्क्यांत आर्सेनिक ५० पीपीबीच्या, म्हणजे लिटरला ५० मायक्रोग्रॅमच्या, वर होतं आणि ४६ टक्क्यांत १० पीपीबीच्या वर. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या मासिकात एक लेख आला. इतिहासातली ही सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा आहे, असं त्यात म्हटलं होतं. साडेतीन कोटी ते पावणेआठ कोटी माणसं धोक्यात होती.

पीपीबी म्हणजे किती, हे नीट कळावं म्हणून वर्गात हिशेब मांडतो. गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत १० मिलिग्रॅम आर्सेनिक, म्हणजे चिमूटसुद्धा नाही, की पाणी १० पीपीबीवर जातं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा तेवढीच आहे. बांगलादेशाची ५० आहे. ही १० ते ५० मधली पट्टी पुढे मुलांच्या आराखड्यात येणार आहे, म्हणून आत्ताच लक्षात ठेवा.

यात कुठला कारखाना गुन्हेगार नाही. हिमालयातून वाहत आलेल्या गाळात लोहाचा गंज असतो आणि त्याला आर्सेनिक चिकटलेलं असतं. खोलवर हवा पोचत नाही, कुजणाऱ्या काडीकचऱ्यावर जिवाणू जगतात आणि ऑक्सिजनच्या जागी तो गंज वापरतात. गंज विरघळला की आर्सेनिक पाण्यात सुटतं. गाळाचे थर जागोजागी बदलतात, म्हणून तुमचा हापसा लाल आणि शेजाऱ्याचा हिरवा, असं सहज होतं. जिल्ह्याच्या नकाशावरून कुणी पाण्याची हमी देऊ शकत नाही. हापसा न् हापसा तपासावा लागतो आणि काही वर्षांनी पुन्हा तपासावा लागतो.

तपासायला जे किट होतं, त्याचा वंश विषप्रयोगाच्या खटल्यांपर्यंत जातो. जस्त आणि आम्ल घातलं की पाण्यातल्या आर्सेनिकचा आर्साइन नावाचा वायू होतो. तो मर्क्युरिक ब्रोमाइड लावलेल्या कागदाला लागला की कागद पिवळा, मग तपकिरी होतो. आर्साइन स्वतः जालीम विषारी आणि कागदावर पारा. रंग किती गडद झाला हे ज्याचं त्याने ठरवायचं. १० पीपीबीच्या आसपास तर डोळ्याला फरकच दिसत नाही. जादवपूरच्या गटाने २००२ मध्ये या किटांचे निकाल प्रयोगशाळेच्या निकालांशी ताडून पाहिले आणि त्यांवर कडक टीका केली. लाल रंगाचे काही हापसे हिरव्या पाण्याचे होते आणि हिरव्या रंगाचे काही लाल पाण्याचे.

खेळ कसला होता

ज्या स्पर्धेसाठी एडिनबराची मुलं एकत्र आली, तिचं नाव आयजेम. डीएनएचे तयार भाग जोडून जिवंत पेशींना नवं काम लावायचं, हा तिचा खेळ. २००३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एमआयटीत सुट्टीतला एक अभ्यासवर्ग म्हणून ती सुरू झाली. टॉम नाइट, ड्रू एन्डी, रँडी रेटबर्ग ही त्यामागची मंडळी. त्यातले नाइट आणि रेटबर्ग तर मुळात संगणकाच्या दुनियेतले. त्यांचं म्हणणं साधं होतं: इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला प्रत्येक वेळी रोधक स्वतः बनवावा लागत नाही, मग जीवशास्त्रज्ञानेच प्रत्येक वेळी पहिल्यापासून का सुरुवात करायची? २००४ साली पाच संघ आले, २००५ मध्ये तेरा आणि २००६ मध्ये बत्तीस. त्या साली बंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेचाही संघ गेला होता. आता संघांची संख्या शेकड्यांत असते आणि अंतिम मेळावा पॅरिसला भरतो. पुण्याच्या आयसरची मुलंही तिथे जाऊन आली आहेत.

या खेळाचा पाया म्हणजे बायोब्रिक. नळजोडणीचं उदाहरण घ्या. बाजारातल्या कुठल्याही तोटीचे आटे कुठल्याही पाइपाला बसतात, कारण आट्यांचं माप एकच असतं. बायोब्रिकमध्ये डीएनएच्या प्रत्येक तुकड्याला दोन्ही टोकांना ठरलेली कापायची ठिकाणं असतात. तिथे कापणारी दोन वितंचकं (एन्झाइमं), एक्सबीएवन आणि एसपीईवन, वेगवेगळ्या जागी कापतात, पण कापल्यावर टोकं एकमेकांत बसतात. एकदा जोडलं की त्या सांध्याला दोघांपैकी कुणीही पुन्हा कापू शकत नाही. त्यामुळे तयार झालेला लांब तुकडाही पुन्हा एक सुटा भाग म्हणून वापरता येतो. सगळे भाग एमआयटीच्या नोंदवहीत क्रमांकाने जमा व्हायचे आणि दरवर्षी संघांना पाठवले जायचे. बाहेरून सोपं वाटतं. ज्याने लायगेशन, म्हणजे तुकड्यांची जोडणी, करून दुसऱ्या दिवशी कोरी प्लेट पाहिली आहे, त्याला ते किती सोपं आहे हे विचारू नका.

एडिनबराच्या संघात जीवशास्त्राची मुलं होती तशी अभियांत्रिकीची आणि संगणकाचीही होती. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ ख्रिस फ्रेंच आणि अभियंते अ‍ॅलिस्टर एलफिक हे मार्गदर्शकांपैकी. मेळावा नोव्हेंबरात, म्हणजे प्रत्यक्ष काम करायला उन्हाळ्याची एक सुट्टी.

आंबवायचं ठरलं

आर्सेनिक ओळखणारी कळ त्यांनी शोधली नाही. ती ई. कोलायकडे आधीपासून होती. या जिवाणूच्या गुणसूत्रावर आर्सेनिकशी लढणारी तीन जनुकं ओळीने असतात. त्यातलं पहिलं आर्स-आर नावाचं पहारेकरी प्रथिन बनवतं. आर्सेनिक नसताना हा पहारेकरी प्रमोटरवर, म्हणजे जनुकं चालू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावर, ठाण मांडून बसतो आणि पुढची जनुकं चालू होऊ देत नाही. आर्सेनाइट आत आलं की ते त्याला चिकटतं, त्याचा आकार बदलतो, तो उठतो आणि दार उघडतं. मग पंप बनतो आणि आर्सेनिक बाहेर फेकलं जातं. आर्सेनिकचं दुसरं रूप, आर्सेनेट, आत आलं तर आधी त्याचं आर्सेनाइट करणारं वितंचकही याच ओळीत आहे. अब्जावधी वर्षं पृथ्वीवर आर्सेनिक आहे, त्यामुळे जिवाणूंना हे जमलं नसतं तरच नवल.

या कळेच्या पुढे भलतं जनुक जोडून शोधक बनवायची कल्पनाही जुनीच. स्वित्झर्लंडमधल्या यान रूलोफ फान डर मेअर यांच्या गटाने असे शोधक २००३ मध्ये प्रसिद्ध केले होते. २००५ मध्ये व्हिएतनामच्या भूजलाचे १९४ नमुने अशा जिवाणूंनी तपासले गेले आणि ते रासायनिक किटांपेक्षा उजवे ठरले. त्यांतले जिवाणू प्रकाश देत, आणि प्रकाश मोजायचा तर यंत्र लागतं.

एडिनबराच्या मुलांचं खरं डोकं इथे दिसतं. कळ ओळखीची, पण तिच्यापुढे दिवा न लावता त्यांनी विरजण लावलं. आर्स प्रमोटर आणि आर्स-आर यांच्या पुढे त्यांनी लॅक-झेड जोडलं. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, फोडणारं हे वितंचक. आर्सेनिक आलं की वितंचक बनतं, जिवाणू लॅक्टोज खातो आणि आम्लं बाहेर टाकतो, द्रव आंबट होतो. आंबट झालं हे पाहायला पीएचची साधी कांडी पुरते, नाहीतर मिथाइल रेडसारखा रंगसूचक. पीएच ६.२ च्या वर तो पिवळा असतो आणि ४.४ च्या खाली लाल. आपल्या घरात हीच गोष्ट हळद दाखवते. हळदीच्या डागाला साबण लागला की तो तांबडा होतो आणि लिंबू पिळलं की परत पिवळा. चुन्यावर हळद लाल होते, त्यावरच तर घरी कुंकू बनायचं. हा प्रयोग वर्गात करून दाखवतो तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही पुढे येतात.

शाळेत शिकलेलं मूळ रसायनशास्त्र इथे कामाला आलं. प्रकाश, चमक, प्रतिदीप्ती यांतलं काहीही निवडलं असतं तर मेळाव्यात स्लाइड देखणी दिसली असती. त्या काळात प्रत्येक संघाच्या नळीत हिरवं चमकणारं प्रथिन असायचंच. आंबट द्रवाचा फोटो कुणी काढत नाही. पण हापशाशेजारी उभ्या माणसाला आंबट आणि लाल यांचा अर्थ लावता येतो. माझ्या मते सगळ्या प्रकल्पातला सर्वांत मोठा निर्णय हाच, आणि त्यात एकही नवं जनुक नव्हतं.

आणखी एक काटकसर. लॅक-झेडचं पूर्ण जनुक तीन हजार अक्षरांहून लांब. क्लोनिंगला, म्हणजे जिवाणूत बसवायला, त्रासदायक आणि त्यात नको ती कापायची ठिकाणं असण्याची भीती. प्रयोगशाळेतल्या काही ठेवणीतल्या ई. कोलाय जातींकडे या वितंचकाचा मोठा हिस्सा आधीच असतो, फक्त सुरुवातीचा छोटा तुकडा नसतो. दोन्ही तुकडे एका पेशीत भेटले की एकमेकांना धरून पूर्ण काम करतात. निळ्या-पांढऱ्या वसाहतींची चाचणी ज्यांनी केली आहे, त्यांनी हेच पाहिलेलं असतं. मुलांनी फक्त तो छोटा तुकडा जोडला आणि उरलेलं काम यजमान जिवाणूवर सोपवलं.

कागदावरचा आराखडा आणि नळीतला

कागदावर मात्र आराखडा याहून कितीतरी भारी होता. इथे ती १० आणि ५० ची पट्टी परत येते. नुसतं "आहे" किंवा "नाही" सांगून भागत नाही. बांगलादेशातल्या माणसाला पाणी जगाच्या मर्यादेत आहे की फक्त देशाच्या, हे कळायला हवं. म्हणून त्यांनी तीन पायऱ्यांचा शोधक आखला. आर्सेनिक नसेल तर जिवाणू युरिएज हे युरिया फोडणारं वितंचक बनवेल, घातलेल्या युरियातून अमोनिया सुटेल आणि द्रव अल्कधर्मी होईल. थोडं आर्सेनिक असेल तर युरिएज बंद होईल आणि द्रव मधोमध, उदासीन राहील. जास्त असेल तर लॅक्टोज फुटेल, द्रव आंबट होईल. वेगवेगळ्या संवेदनशीलतेच्या दोन कळा, एक वर खेचणारी आणि एक खाली. त्याचं संगणकावरचं प्रतिमानही बांधलं आणि ते चाललं.

याची एक खुबी सहज लक्षात येत नाही. सुरक्षित पाण्यालाही इथे स्वतःचं उत्तर आहे. साध्या शोधकात जिवाणू मेलेले असले तरी काही आंबत नाही आणि पाणी चांगलं वाटतं. विरजणच खराब असेल तर दूध शुद्ध आहे की विरजण मेलंय, हे कसं कळणार? तीन पायऱ्यांच्या आराखड्यात मेलेली नळी मधोमध अडकते, निदान हिरवा कंदील तरी दाखवत नाही.

नळीत हा सगळा डोलारा उभा राहिला नाही. त्यांनी तपासून दाखवला तो फक्त आंबवणारा अर्धा भाग. एका सुट्टीत तेवढंच होतं आणि त्यांनी ते तसंच सांगितलं. मी अनेक विद्यार्थी-प्रकल्पांचे अहवाल वाचले आहेत. आराखड्याचं चित्र आणि निकालाचं चित्र शेजारी छापून दोन्ही एकच असल्याचा भास करून देण्याची सवय आपल्याकडे फार. इथे तसं झालं नाही.

आंबवणाऱ्या भागाने ५ पीपीबी इतक्या कमी आर्सेनिकलाही मोजता येईल असा प्रतिसाद दिला. म्हणजे जागतिक मर्यादेच्या निम्म्यावर. कष्टाने कमावलेला हा आकडा आहे, कारण अशा व्यवस्थेत वेळेचा सापळा असतो. पहारेकरी कधीच शंभर टक्के दार बंद ठेवत नाही, अधूनमधून थोडं वितंचक बनत राहतं. जास्त वेळ थांबलात तर स्वच्छ पाण्याची नळीही आंबट व्हायला लागते. कमी थांबलात तर आर्सेनिकचीही झालेली नसते. फरक मधल्या काही तासांतच नीट दिसतो. दही कधी लागलं आणि कधी आंबलं, याचा अंदाज असलेल्या माणसाला हे लगेच पटेल.

नोव्हेंबर २००६ मध्ये एमआयटीत मेळावा झाला. मुख्य ढाल स्लोव्हेनियाच्या संघाने नेली. सेप्सिसमध्ये शरीराच्या प्रतिसादाला लगाम घालायचा त्यांचा प्रकल्प होता, तोही सस्तन प्राण्यांच्या पेशींत. एडिनबराला प्रत्यक्ष जगात उपयोगी पडणाऱ्या प्रकल्पाचं बक्षीस मिळालं. २००७ मध्ये त्यांचा शोधनिबंधही आला.

मेळाव्यानंतर

इथपर्यंतची गोष्ट सत्कार समारंभात सांगायच्या लायकीची आहे. पुढची मला जास्त मोलाची वाटते.

प्रयोगशाळेत पाण्यात आर्सेनेट मिसळून चाचणी करणं आणि हापशाचं पाणी घेऊन करणं, यात जमीन-अस्मानाचा फरक. खऱ्या भूजलात बायकार्बोनेट असतं आणि पीएच बदलू न देणं हेच त्याचं काम. म्हणजे शोधकाचं उत्तर ज्या गोष्टीवर टेकलंय, तिलाच पाणी विरोध करतं. लोह असतं, ते हवेला लागलं की गंजून खाली बसतं आणि आर्सेनिकलाही सोबत घेऊन जातं. फॉस्फेट असतं, आणि आर्सेनेट पेशीत शिरतं ते फॉस्फेटच्याच दारातून, म्हणजे तिथेही गर्दी. शिवाय ई. कोलाय वाळवून, उन्हातान्हात महिनोन् महिने ठेवायचा म्हटलं तर किती जगेल? हे सगळे प्रश्न सुटणारे आहेत. एडिनबराच्या गटाने पुढची काही वर्षं त्यांवर काम केलं आणि २०११ मध्ये पीएचवरच्या शोधकाचा सविस्तर निबंध काढला.

मग केंब्रिजचे जिम अजिओका आणि जिम हेझलॉफ यांच्याबरोबर हात मिळवून आर्सेनिक बायोसेन्सर कोलॅबोरेशन उभं राहिलं. पैसा वेलकम ट्रस्टचा. यजमान बदलला: ई. कोलायऐवजी बॅसिलस सबटिलिस. हा जिवाणू बीजाणू बनवतो. सुकवलेले बीजाणू कपाटात पडून राहिले तरी पाणी लागल्यावर जागे होतात. उत्तरही बदललं, आंबटपणाऐवजी रंगद्रव्य. केंब्रिजच्या विद्यार्थी-संघाने २००९ मध्ये जिवाणूंकडून सात रंग बनवून घेत आयजेमची मुख्य ढाल जिंकली होती. त्या संघाच्या मार्गदर्शकांत हेच लोक होते. उपकरण बंदिस्त, एकदाच वापरायचं, आतलं बाहेर येणार नाही असं आखलं गेलं. नेपाळच्या तराईत जाऊन लोकांशी, अधिकाऱ्यांशी बोलणी झाली.

गाडी अडली ती कायद्यात. जनुकबदल केलेल्या जीवांसाठी युरोपीय संघाचे दोन कप्पे होते. एक प्रयोगशाळेच्या चार भिंतींत वापरायचा, दुसरा मुद्दाम शेतात किंवा निसर्गात सोडायचा. गावातल्या माणसाच्या हातातली बंद नळी कुठल्या कप्प्यात? भिंती तर नाहीत, पण सोडलंय असंही नाही. कापूस किंवा मका डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले नियम हातातल्या नळीला लावायचे होते. स्वतः नेपाळ किंवा बांगलादेशाला परवानगी द्यायची असली तरी त्यांचे अधिकारी विचारणार: तुमच्याच देशात हे चालतं का? आणि त्यांनी का विचारू नये? आपल्या गावात जे चालत नाही ते दुसऱ्याच्या विहिरीवर का न्यायचं, हा प्रश्न रास्तच आहे. माझा राग नियम असण्यावर नाही. कुठल्या खिडकीवर अर्ज द्यायचा हेच ठरलेलं नसणं, हे मात्र नकारापेक्षा वाईट. नकार आला तर निदान सुधारून पुन्हा जाता येतं.

त्याच सुमारास जर्मनीच्या लाइपझिगमधल्या गटाने आर्सोलक्स नावाचा संच बांगलादेशात प्रत्यक्ष चालवून दाखवला. त्यात सुकवलेले, प्रकाश देणारे जिवाणू असतात आणि सोबत प्रकाश मोजणारं छोटं यंत्र. म्हणजे तंत्र गावात पोचू शकतं. प्रश्न घरोघरी पोचायचा उरला, आणि तो अजून तिथेच आहे.

नेपाळच्या त्या फेऱ्यांतून एक भलतीच फांदी फुटली. पाण्याविषयी बोलताना तिथल्या लोकांची चिंता आर्सेनिकपुरती नव्हती. कापड रंगवणाऱ्या कारखान्यांची रसायनं पाण्यात येतात, हेही त्यांना सलत होतं. अजिओका आणि त्यांचे सहकारी ओर यार्कोनी यांनी त्यावरून उलटा विचार केला: जिवाणूंना रंग बनवता येतोच, तर प्रदूषण दाखवण्यापेक्षा कापडच जिवाणूंच्या रंगाने का रंगवू नये? २०१६ मध्ये कलरिफिक्स ही कंपनी निघाली, इंग्लंडमधल्या नॉरिच इथे. शोधक बाजारात आला नाही. शोधकाचं उत्तर द्यायला घेतलेला रंग मात्र आला.

एडिनबराच्या त्या सुट्टीतून हातात पडलेली सर्वांत टिकाऊ गोष्ट तशी फारच लहान आहे: भागांच्या नोंदवहीतला जे ३३२०१ या क्रमांकाचा तुकडा. आर्स प्रमोटर आणि आर्स-आर, बस. पुढे आर्सेनिकवर काम करणाऱ्या किती तरी संघांनी तो मागवला, त्यापुढे आपापलं जनुक जोडलं. त्या संघांना कळ पहिल्यापासून बांधावी लागली नाही. टॉम नाइट मंडळींना अपेक्षित होतं ते हेच.

आपल्याकडे आणायचं तर

महाराष्ट्राच्या बहुतेक भागात काळ्या दगडाच्या भेगांतलं पाणी आहे, गंगेच्या गाळातलं नाही. त्यामुळे आर्सेनिकची ती कथा इथे तशी लागू होत नाही. पण गडचिरोलीच्या हद्दीपलीकडे, छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागात भूजलात आर्सेनिक सापडलेलं आहे. कौडीकसा गावाचं नाव त्यामुळेच अभ्यासांत येत राहतं. तिथे कारण गाळाचं नसून खडकाचं आहे.

आपलं दुखणं फ्लोराइडचं. चंद्रपूर आणि यवतमाळकडच्या काही गावांत पिवळे, खड्ड्यांचे दात आणि वाकलेले पाय हापशाच्या पाण्याने आले. दरवर्षी वर्गात तिकडचं कुणीतरी असतं आणि दरवर्षी तोच प्रश्न येतो: आर्सेनिकसारखी फ्लोराइडची कळ नाही का? आहे. जिवाणूंच्या आरएनएमध्ये फ्लोराइड बसलं की आकार बदलणारा एक तुकडा असतो. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात ज्युलियस लक्स यांच्या गटाने त्याचा शोधक केला आणि कोस्टा रिकातल्या पाण्यावर वापरून पाहिला. निबंध २०२० सालचा. त्यात जिवंत जिवाणू नाहीच. पेशी फोडून काढलेला, सुकवलेला रस फक्त. पाणी टाकलं की काम सुरू. जिवंत जीव नसल्याने 'सोडला का' हा प्रश्नच बराचसा विरतो. भारतात जिवंत, जनुकबदल केलेले सूक्ष्मजीव बाहेर न्यायचे तर १९८९ च्या नियमांखाली संस्थेच्या जैवसुरक्षा समितीपासून जीईएसी या केंद्रीय समितीपर्यंतची पायरी चढावी लागते. सुट्टीतल्या प्रकल्पाला ते झेपणारं नाही, म्हणून विद्यार्थ्यांनी जिवंत जीव नसलेली ही वाट तरी पाहून ठेवावी.

एक अडचण मात्र आहे, ती वर्गातल्या मुलीनेच आकडे बघून काढली. त्या शोधकाने अमेरिकेची लिटरला २ मिलिग्रॅमची रेघ ओळखून दाखवली. आपल्या मानकांत पसंतीची मर्यादा १ आणि दुसरं पाणी नसेल तर चालवून घ्यायची १.५. म्हणजे पावणेदोनचं पाणी त्यात चांगलं ठरेल, आणि तिच्या गावच्या हापशाला तेवढंच येतं. वहीत तिने १.५ च्या खाली रेघ मारून ठेवली आहे.